भादव्यातली साल

भादवा लागला की माझं तोंड कडू होतं. जिभेच्या मुळाशी ती चव येऊन बसते आणि दसरा उलटेपर्यंत हलत नाही. डॉक्टरांना सांगून पाहिलं. ते पित्ताच्या गोळ्या देतात आणि मी त्या घेते. झाडापाल्यातली औषधी द्रव्यं शोधण्यात आणि पोरांना रसायनशास्त्र शिकवण्यात जिचा जन्म गेला, त्या बाईने गोळीला नाही म्हणणं बरं दिसत नाही. पण हा कडूपणा पित्ताचा नाही, कुड्याच्या सालीचा आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

श्रावणाचं कौतुक करणारे पुष्कळ. भादव्याच्या वाट्याला पितर आणि हगवण. आमच्या यवतमाळकडे पोळा झाला की पावसाची झड तुटते आणि मधूनच असं ऊन पडतं की काळ्या मातीतून वाफ निघते. कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागलेली असते. तिच्या ओळीत निंदायला शिरलेल्या बायांचं लुगडं दिवसभर अंगाला चिकटून राहतं. विहिरी तुडुंब आणि पाणी गढूळ. घरात माश्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मारबतीचा पुतळा घेऊन गावाबाहेर ओरडत जायची, रोगराई घेऊन जा गे मारबत! मारबत काही नेत नसे. ती एकटीच जायची आणि रोगराई आमच्याकडे ठेवून जायची. आधी लहान लेकरांची पोटं बिघडायची, मग म्हाताऱ्यांची. पंधरवड्यात कुठल्या ना कुठल्या घरातून रडणं ऐकू यायचं, आणि बाया हातातलं काम ठेवून कोणाचं घर ते ओळखायच्या.

आमचं गाव घाटंजीपासून दोन कोसांवर, नदीच्या अंगाला. आईला आम्ही माय म्हणत असू. माय गावची सुईण होती. बाळंतपणं करायची आणि हगवणीवर कुड्याची साल द्यायची. ज्या घरांच्या ओसरीवर आम्हाला पाय ठेवू देत नसत, त्या घरांतल्या बायासुद्धा मायला मागच्या दारी बोलावून साल मागत. सहाणेवर ताकात उगाळायची आणि बोटाने लेकराच्या जिभेला लावायची. लेकरू तोंड वेडंवाकडं करायचं. ‘कडू हाय म्हनून तं पोटातलं पळते,’ असं म्हणून माय हसायची. तिच्या हाताला गुण आहे असं चार गावांत बोललं जाई, आणि तिलाही ते मनातून आवडत असे.

साल काढायची तिची रीत होती. माघात, कुड्याची पानं झडली की, ती आदल्या दिवशी उन्हं कलताना नदीपलीकडच्या जंगलात जायची आणि एका झाडाच्या बुंध्याशी पिवळे तांदूळ ठेवायची. याला ती आवतण म्हणे. सकाळी ओल्या केसांनी परत जायची, झाडाला हळदकुंकू लावायची, हात जोडायची. ‘लेकराबाळासाठी नेऊन राह्यली, रागावू नको,’ एवढंच म्हणायची. मग उगवतीच्या अंगाची, तळहाताएवढीच साल काढायची आणि झाडाच्या जखमेवर शेणमाती लिंपायची. वाळलेली साल शेंदूर लावलेल्या फडक्यात बांधून भिंतीतल्या देवळीत, देवांच्या शेजारी ठेवलेली असे. मी लहानपणी तिच्यासोबत जायची. झाडाशी बोलणारी माय मला तेव्हा फार आवडत असे. पुढे शाळेत गेले, चार बुकं वाचली आणि तिची लाज वाटू लागली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

छप्पन सालच्या दसऱ्याला बाबा वस्तीतल्या माणसांसोबत नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. त्यानंतर आमच्या वस्तीतही सगळ्यांनी मिळून दीक्षा घेतली. माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं ते त्या दिवसापासून झालं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणी भलताच अर्थ काढायचा. त्या दिवशी आमची माणसं ताठ उभी राहिली. मेलेली ढोरं ओढणं बंद झालं. गावाने चिडून शेतातली कामं बंद केली, तरी एक माणूस वाकला नाही. मला शाळेत राहू द्यायचं हे बाबांनी ठरवलं तेही तेव्हाच. दोष कुठे असेल तर तो माझ्यात होता. मी चौदा वर्षांची होते आणि मला सगळं माहीत होतं.

वस्तीतल्या बायांमध्ये वाचता येणारी मी एकटी. म्हणून प्रतिज्ञांचा छापील कागद माझ्या हातात आला. मी एकेक ओळ वाचायची आणि बाया मागून म्हणायच्या. कोणाची जीभ अडखळली की मी पुन्हा म्हणून घ्यायची, थेट आमच्या मास्तरांसारखी. देवांना मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही, अशा अर्थाची ओळ आली तेव्हा माय मध्येच बोलली.

‘इमल,’ ती म्हणाली. माझं नाव विमल, पण तिच्या तोंडी कायम इमल. ‘झाडबी आलं काय व त्याच्यात?’

कागदावर झाडाचा उल्लेख नव्हता. ते मला दिसत होतं. मला माहीत नाही, बाबांना विचारू, एवढंच म्हणायचं होतं. पण सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

‘हो,’ मी म्हणाले. ‘झाडालेबी हात जोडायचे नाही. ज्याले ज्याले आपून हात जोडतो, थे सारं आलं.’

मायने मान हलवली आणि पुढची ओळ म्हणायला तयार झाली.

दुसऱ्या दिवशी घरोघरचे देव गोळा करून नदीत सोडले. टोपलं माझ्या डोक्यावर होतं. आमच्या देवळीतले टाक मीच उचलले आणि शेजारचं शेंदराचं गाठोडंही टोपल्यात टाकलं. माय कोणाच्या तरी बाळंतपणाला गेली होती. परत आल्यावर रिकाम्या देवळीकडे पाहून ती म्हणाली, ‘सालीचं गाठोडंबी गेलं?’

‘शेंदूर होता त्याले,’ मी म्हणाले.

‘होता खरा,’ ती म्हणाली आणि चुलीशी जाऊन बसली. त्या माघात ती जंगलात गेली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, ‘सोडलं मी ते.’ दिलेला शब्द ती अशी पाळायची की बाबांनाही कधीकधी तिची भीती वाटे.

माझे विद्यार्थी सांगतात की मॅडम पहिल्याच तासाला ‘माहीत नाही’ हे दोन शब्द फळ्यावर लिहायच्या. प्रयोगशाळेत शिरताना हे दोन शब्द सोबत घेऊन या, असं मी म्हणायची. निरोप समारंभात एकाने त्याला माझी नम्रता म्हटलं. मी ऐकून घेतलं. नम्र मी कधीच नव्हते, अजूनही नाही.

पुढचा भादवा आला. बाबा नेरकडे सडकेच्या कामावर खडी फोडायला गेले होते, कारण गावात कोणी काम देत नव्हतं. एका दुपारी गावातल्या एका शेतकऱ्याची सून मूल कडेवर घेऊन सरळ आमच्या दारात आली. आजवर ती मायला मागच्या दारी बोलवायची. त्या दिवशी तिला वस्तीत येण्याचंही भान राहिलं नव्हतं.

‘साल दे व माय जराशी. पोट्टं रगत हागून राह्यलं.’

‘नाही देत मी आता. सोडलं.’

‘काहून? कोनी काही म्हनलं काय तुले?’

‘कोनी नाही म्हनलं. शबूद देला हाय. घाटंजीले ने त्याले, दवाखान्यात. आत्ताच ने.’

ती बाई रडली, मग रागावली, मग निघून गेली. त्यांच्याकडे बैलगाडी होती. दवाखान्यात पोहोचली आणि मूल वाचलं. माय उंबऱ्यात बसून त्या गाडीची वाट पाहत होती, हे मला आठवतं. गाडी परत येताना लेकराचा आवाज ऐकला तेव्हा ती उठून कामाला लागली.

आठ दिवसांनी लीलाचं पोट बिघडलं. लीला माझी धाकटी बहीण, चार वर्षांची. भाकरी टम्म फुगली की वरचा पापुद्रा तिला लागायचा. तो दुसऱ्या कोणी खाल्ला तर ती भाकरीकडे पाठ करून बसायची. माझ्या पाटीवर थुंकून ती पुसायचा मान तिचा होता. पहिल्या दिवशी ती हगायला जाऊन परत खेळत होती. दुसऱ्या दिवशी रक्त पडू लागलं. कोणाकडे गाडी मागायची सोय नव्हती. वस्तीत गाडी नव्हती आणि गाव देणार नव्हतं. ज्या घराला माय नाही म्हणाली होती, त्या घरी तर ती जाणारच नव्हती.

‘माय, चाल,’ मी म्हणाले. ‘नदीले उतार हाय. साल आनू.’

‘आवतन देल्याबिगर, हात जोडल्याबिगर काढलेली साल निस्तं लाकूड असते व,’ ती म्हणाली. ‘अन् हात जोडाचे नाही असं तूच तं सांगतलं.’

‘एक डाव जोड ना मंग! कोन पाह्यते?’

मायने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ती पुन्हा कधी कोणाच्या डोळ्यांत पाहिली नाही. ‘त्या बाईच्या लेकरासाठी नाही जोडले,’ ती म्हणाली. ‘आता माह्या लेकरासाठी जोडू? काय तोंड दाखवू तिले?’ मग थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, ‘अन् भादव्याची साल. पानी धरते थे. काही कामाची नसते.’

कागदावर झाडाचा उल्लेख नव्हता, हे मला तेव्हाही सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. एकटी जाऊन साल आणता आली असती. झाड मला माहीत होतं, विळा घरात होता. तेही केलं नाही, कारण सगळं माहीत असलेल्या मलाही आतून तेच वाटत होतं, की हात जोडल्याशिवाय काढलेली साल म्हणजे लाकूड.

तिसऱ्या दिवशी सकाळी माय लीलाला खांद्यावर घेऊन घाटंजीला निघाली. मी मागून. काळ्या मातीत पाय पोटरीपर्यंत जात होता, काढला की चपलेसकट माती यायची, म्हणून चपला तिथेच टाकल्या. ऊन चटका देत होतं. लीला रडत नव्हती. अर्ध्या वाटेत माय थांबली आणि तिने खांद्यावरची लीला मांडीवर घेतली. बराच वेळ ती तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. मी म्हणाले, ‘चाल ना माय, उशीर होते.’ ती म्हणाली, ‘आता कायले?’

बाबांना निरोप चार दिवसांनी मिळाला.

यानंतरचं माझं आयुष्य कागदावर चांगलं दिसतं. मॅट्रिक झाले, नागपूरला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहिले, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि संशोधनाला लागले. कोणतं झाड घेणार, असं सरांनी विचारलं. मी म्हणाले, कुडा. सर हसले. ‘त्यातलं औषधी द्रव्य शोधून लोकांना जमाना झाला, बाई. त्यात आता नवं काय मिळणार?’ मला नवं काही नको होतं. मी म्हणाले, कोणत्या ऋतूत साल काढली तर द्रव्य किती मिळतं, ते बघायचंय. माघातल्या सालीत किती आणि भादव्यातल्या सालीत किती. सरांना विषय किरकोळ वाटला, पण त्यांनी सही केली. याच झाडाचा एवढा हट्ट का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, आमच्याकडे ते फुकट मिळतं.

माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी पाण्याचा पेला घरून आणायची आणि रोज सोबत परत न्यायची. मी तिकडे पाहत नसे. मला बघायला माझी काचेची भांडी होती. साल कुटायची, भुकटी अमोनियाने ओली करायची, मग तासन्‌तास द्रावकाची वाफ वर चढताना आणि थेंब थेंब भुकटीवर पडताना बघत बसायचं. अर्क आटवायचा, आम्लात घ्यायचा, गाळायचा. शेवटी त्यात पुन्हा अमोनिया घातला की ताकासारखा पांढरा साका तयार होतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी भांडं ठेवून बाहेर व्हरांड्यात गेले. सरांना वाटलं, आनंदाने.

साल मी आमच्याच जंगलातून आणली. माघात एकदा आणि भादव्यात एकदा, त्याच त्या झाडांची, उगवतीच्या बाजूची. सुरीने काढली, पिशवीत भरली, पिशवीवर चिठ्ठी लावली. हात जोडले नाहीत. भादव्यात कुड्याला जोडीजोडीने शेंगा लोंबत असतात आणि साल सोलली की दूध निथळतं. तळवा चिकट होतो आणि तो चिकटपणा माती चोळल्याशिवाय जात नाही. तो हात घेऊन मी त्या झाडाखाली उभी राहिले होते आणि मला झाडाचा राग आला होता. झाडाचा राग येणं हा वेडेपणा आहे, पण मग रागावायचं तरी कोणावर?

निष्कर्ष आला. माघातल्या सालीत द्रव्य जास्त होतं. भादव्यातल्या सालीत थोडं कमी होतं. पण होतं. पुरेसं होतं. मी तो प्रयोग तीनदा केला, तीनदा तेच आलं. जिभेला लावू नये असा नियम असताना मी त्यातला कण जिभेला लावला, आणि त्या दिवसापासून हा कडूपणा माझ्याकडे मुक्कामाला आहे.

साल मिळाली असती तर लीला वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. तिच्या पोटात नेमके कोणते जंतू होते हे कोणी पाहिलेलं नाही, आणि अंगातलं पाणी संपलेल्या लेकराला नुसती साल पुरत नाही. चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर घालून उकळलेलं पाणी पाजलं असतं तर कदाचित अधिक उपयोग झाला असता, हे पुढे सगळ्या जगाला कळलं. ते आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. माझ्या सत्कारात, मानवी आरोग्यासाठी यांनी आयुष्य वेचलं, असं वाचून दाखवतात, तेव्हा मी खाली बघते. मी फक्त एका लेकरासाठी वेचलं, आणि तेही ते गेल्यावर.

प्रबंध देऊन झाला त्या वर्षी, एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा, मी भादव्यात घरी गेले. सोबत बोटाएवढी काचेची नळी होती आणि तिच्या तळाशी पांढरे खडे. माय अंगणात अंबाडीची भाजी खुडत बसली होती. बाबा शेतात होते. मी नळी तिच्या हातात दिली. तिने ती उन्हात धरून फिरवून पाहिली.

‘मीठ हाय काय व?’

‘कुडा हाय, माय. तुह्या सालीतला गुन. सारा एका जागी काढला.’

तिने बूच काढायला लावलं. बोटाचं टोक जरासं लावून जिभेवर ठेवलं, आणि तिचं तोंड लहान लेकरासारखं वेडंवाकडं झालं. ‘थेच,’ ती म्हणाली. ‘थेच हाय.’ ती खरंच खूश झाली होती. अंबाडी बाजूला सारून तिने पदराने हात पुसले. ‘कोनी काढून देली साल तुले? हात जोडले होते काय झाडाले?’

आणि मी, इतकी शिकलेली, अभिमानाने म्हणाले, ‘नाही माय. हात जोडाची गरजच नसते. तसाबी निघते गुन.’

वाक्य तोंडातून गेलं आणि मग मला तिचा चेहरा दिसला. बारा वर्षं ती एकाच आधारावर जगली होती, की हात जोडायचे नव्हते म्हणून सालीतून गुण निघणारच नव्हता, आपल्या हातात काही नव्हतंच. शास्त्राने माझं ओझं हलकं होईल असं मला वाटलं होतं. ते उचलून मी तिच्या डोक्यावर ठेवलं होतं.

‘म्हंजे,’ ती सावकाश म्हणाली, ‘तवाबी निघाला असता.’

मी खरं सांगू शकले असते. कागदावर झाड नव्हतं, ते माझं मी घातलं होतं, हे तरी सांगू शकले असते. तेव्हाही तोंड उघडलं नाही. माझा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात होता आणि त्यात भादव्याच्या सालीचा आकडा माझ्या सहीनिशी होता. आयुष्यात मी एकदाच निष्कर्ष खोटा सांगितला.

‘तवा नसता निघाला,’ मी म्हणाले. ‘भादव्याची साल होती ना माय. भादव्याच्या सालीत काहीच नसते. तू म्हनत होती तसंच हाय. तपासून पाह्यलं मी.’

‘पक्कं?’

‘पक्कं. तीन डाव पाह्यलं.’

तिने बूच घट्ट लावून नळी माझ्या हातात परत दिली आणि अंबाडी पुन्हा पुढ्यात ओढली. दोन-तीन काड्या खुडून झाल्या.

‘मंग बरं झालं,’ ती म्हणाली, ‘मी गेली नाही.’

‘हो माय,’ मी म्हणाले.